एकोणीस आटे

इंजिनिअर : नकाशात तर तो कोपऱ्यावर दाखवलाय, काका. इथे कुठे?

चावीवाला : नकाशा काढणारे साहेब ऑफिसात बसून काढत होते. मी इथे उभा होतो. तेव्हा या जागी पिठाची गिरणी होती. गिरणीच्या उंबऱ्यापासून सात पावलं. गिरणी गेली, उंबरा गेला, पण पावलं माझी माझ्याकडेच आहेत.

इंजिनिअर : लोखंड शोधायचं मशीनही इथेच वाजलं म्हणा. हे बघा, झाकण दिसायला लागलं. डांबराचे तीन थर चढवलेत यावर. खाली काय आहे ते कुणी बघितलंच नाही?

चावीवाला : रस्तेवाले खाली बघत नाहीत, आपण वर बघत नाही. दोघांचं ऑफिस एकाच इमारतीत, मध्ये जिनाही आहे. मजूर चहाला गेलेत तोवर आपणच उचलू. ती पहार त्या खाचेत घाला. बोटं बाहेर ठेवा, मॅडम. माझं हे नख असंच गेलंय.

इंजिनिअर : तीनशे बारावा. तीनशे अकरा व्हॉल्व्ह तुम्ही डोळे मिटून दाखवलेत, आणि शेवटचा नेमका तुमच्याच टेकडीचा.

चावीवाला : म्हणूनच शेवटी ठेवला. इथून वर चढलं की घर. काम आटोपून जेवायला जाता येईल.

इंजिनिअर : शनिवारी तुम्ही रिटायर होणार, त्याआधी नकाशा पुरा करा, असं साहेबांनी मला तीनदा बजावलंय. सोमवारपासून विचारायला कुणी नाही ना.

चावीवाला : आहे की. मी काय गाव सोडून चाललोय? या केव्हाही.

इंजिनिअर : मानपत्रही मलाच लिहायला लावलंय.

चावीवाला : तुम्हाला का?

इंजिनिअर : साहेब म्हणाले, मॅडम, तुमचं अक्षर चांगलं आहे. टाइप करून फ्रेम करणार आहेत, त्यात अक्षराचा काय संबंध ते त्यांनाच ठाऊक. वाचून दाखवू? तुम्हाला नको असेल ते काढून टाकते.

चावीवाला : आधी झाकण. एक... दोन... उचला. हं. सोडा बाजूला. आता वाचा.

इंजिनिअर : “तीन पिढ्या ज्यांच्या घराण्याने या शहराची तहान भागवली...”

चावीवाला : तहान वगैरे राहू द्या. आजोबा पखालीतून दारोदार पाणी घालायचे. पाठीवर कातड्याची एवढी मोठी पिशवी, कायम वाकलेले. मग तळ्यावरून नळ आला आणि त्यांचा धंदा बसला. आणि त्याच नळाचे पाइप टाकायला माझे वडील मजूर म्हणून लागले. आजोबा वर्षभर त्यांच्याशी बोलले नव्हते.

इंजिनिअर : हे मानपत्रात नाही घालता येणार.

चावीवाला : घाला कुठे म्हणतोय? तहान भागवली म्हणालात म्हणून सांगितलं. पुढे?

इंजिनिअर : पुढे धरण झालं, तीन ठिकाणी पंप बसले, सगळं आलंय. आणि मग हे. “स्वतःच्या घरच्या नळाला थेंब नसताना ज्यांनी एक आटासुद्धा आपल्या बाजूने जास्त फिरवला नाही...”

चावीवाला : हे असू द्या.

इंजिनिअर : आवडलं?

चावीवाला : आवडायचा प्रश्न नाही, हे खरं आहे. बाकीचं तुम्ही कुणालाही लिहाल. हे माझंच आहे. एकतीस वर्षं बायको खालच्या नळावरून पाणी भरते. एकशे चौदा पायऱ्या. चावी माझ्या हातात, म्हटलं असतं तर... पण नाही. बाजारात कुणीही मान वर करून माझ्याशी बोलू दे, मी मान खाली घालत नाही.

इंजिनिअर : एकतीस वर्षं म्हणजे त्याआधी वर पाणी यायचं?

चावीवाला : यायचं तर! लग्न होऊन ती घरात आली तेव्हा नळ सोडला की बादली हलायची. मग त्या पावसाळ्यात टेकडीची लाइन फुटली. दुरुस्त केली, आणि त्याच महिन्यात खाली नवी वसाहत जोडली, सहाशे घरं. तेव्हापासून वर प्रेशर नाही. चढावर कसं चढणार? सगळे साहेब हेच सांगत आले.

इंजिनिअर : मी पण फाइलमध्ये हेच वाचलं. टेकडीसाठी वेगळी टाकी, वेगळा पंप, असा प्रस्ताव चार वेळा गेलाय आणि चार वेळा परत आलाय. पण काका, माझ्या गणितात बसत नाही हे. धरणाचं पाणी आल्यापासून इथे खाली चांगलं प्रेशर आहे. कालच मोजलं. तेवढ्यात वरपर्यंत आरामात जायला हवं.

चावीवाला : गणितात जाईल. टेकडीला गणित येत नाही.

इंजिनिअर : असेल. चावी लावायची?

चावीवाला : थांबा, गाळ काढू दे. माती बसलीय नुसती. तो डबा द्या. आणि ती सळई.

इंजिनिअर : कानाला लावून काय ऐकता हो तुम्ही? मला अजून नुसती खरखर ऐकू येते.

चावीवाला : व्हॉल्व्ह पूर्ण खुला असेल तर पाणी बोलत नाही. झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखं जातं. गळती असेल तर खरखरतं. आणि...

इंजिनिअर : आणि?

चावीवाला : काही नाही. परत बघतो.

इंजिनिअर : काय ऐकू येतंय?

चावीवाला : शीळ.

इंजिनिअर : म्हणजे?

चावीवाला : फटीतून जाताना वाजतं तसं. वरची काही जुनी जोडणी असेल. तुम्ही लिहून घ्या. टेकडी, नऊ इंची, एकोणीस आटे.

इंजिनिअर : सव्वीस.

चावीवाला : एकोणीस. हा एकोणीसचा आहे.

इंजिनिअर : नऊ इंची सगळे, बंदपासून पूर्ण उघडेपर्यंत, सव्वीसचे आहेत. पेठेतला सव्वीस, दवाखान्याचा सव्वीस, स्टेशनचा सव्वीस. तुम्हीच सांगितलेत. आणि जुन्या रजिस्टरमध्येही या व्हॉल्व्हपुढे सव्वीसच लिहिलंय. फोटो आहे माझ्याकडे. “दुरुस्तीनंतर पूर्ण खोलला. आटे सव्वीस.” खाली सही तुमची.

चावीवाला : बघू.

इंजिनिअर : हे घ्या, मोठं करते. अक्षर तुमचंच ना?

चावीवाला : माझंच.

इंजिनिअर : मग एकोणीस कुठून आलं? तीनशे अकरा व्हॉल्व्हमध्ये तुमचा एक आकडा चुकला नाही.

चावीवाला : तो तुमचा जुना नकाशा काढा. तळ्याच्या लाइनचा. कापडावरचा.

इंजिनिअर : आहे, फोनवर घेतलाय. हा टेकडीचा व्हॉल्व्ह. शेजारी बारीक काहीतरी लिहिलंय. मी वाळवीचा डाग समजत होते. थांबा... “उलटा”. उलटा म्हणजे?

चावीवाला : तारेचा ब्रश आहे तुमच्या पिशवीत. द्या.

इंजिनिअर : सांभाळून. मी उतरते खाली, तुमचे गुडघे...

चावीवाला : गुडघे ठीक आहेत. तुम्हीही या, टॉर्च धरा. इथे, मानेपाशी. गंज निघतोय. दिसतंय काही?

इंजिनिअर : बाण आहे. डावीकडे वळलेला. खाली शब्द झिजलाय. “बं”... “बंद”.

चावीवाला : परत वाचा.

इंजिनिअर : बंद. डावीकडे बंद.

चावीवाला : बाकी सगळ्या गावात डावीकडे फिरवला की उघडतो.

इंजिनिअर : मला माहीत आहे.

चावीवाला : तळ्याची लाइन टाकली तेव्हा पहिले पाच व्हॉल्व्ह कुठल्या तरी दुसऱ्या कारखान्याचे आले होते. उलट्या आट्यांचे. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो ते उस्ताद सांगायचे आम्हाला. पण ते सगळे बदलले, असंही सांगायचे.

इंजिनिअर : चार बदलले असतील.

चावीवाला : हो. चार.

इंजिनिअर : म्हणजे एकतीस वर्षांपूर्वी कुणीतरी हा उघडायचा म्हणून...

चावीवाला : कुणीतरी काय, मॅडम? सही वाचलीत ना आता?

इंजिनिअर : मी नुसतं बोलायचं म्हणून म्हटलं.

चावीवाला : चावी द्या. आणि वर जा तुम्ही. मला हात मोकळे लागतात. उजवीकडे फिरवणार, पाव पाव करून. एकदम उघडला तर वरचे जुने पाइप दणक्याने फुटतील, आणि मग खरंच टेकडीला पाणी मिळणार नाही. तुम्ही मोजा.

इंजिनिअर : मोजते. एक.

चावीवाला : घट्ट आहे.

इंजिनिअर : दोन. ... तीन. ... चार.

चावीवाला : तेव्हा चारच फिरला होता.

इंजिनिअर : कधी?

चावीवाला : लाइन फुटली तेव्हा. पाऊस पडत होता, रस्त्यावर गुडघाभर पाणी. उस्ताद ओरडले, टेकडीचा बंद कर. मी उजवीकडे फिरवला. चार आटे फिरला आणि अडकला. पाणी काही थांबेना. मी म्हटलं, व्हॉल्व्ह धरत नाही. मग तळ्यावरूनच अख्खी लाइन बंद केली.

इंजिनिअर : पाच. म्हणजे बंद करायचा म्हणून तुम्ही तो उलट पूर्ण खोललात.

चावीवाला : पूर्ण. दोन दिवस दुरुस्ती चालली. दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी उस्ताद म्हणाले, जा, पूर्ण खोलून ये. मी डावीकडे फिरवायला लागलो. आता विचार करा. बंद करताना चार फिरला होता, म्हणजे उघडताना चार फिरून थांबायला हवा होता. हा फिरतोच आहे. दहा, बारा, पंधरा.

इंजिनिअर : सहा. ... तुमच्या लक्षात आलं नाही?

चावीवाला : आलं.

इंजिनिअर : सात.

चावीवाला : आकडा जुळत नाही एवढं आलं. का जुळत नाही ते नाही आलं. एकोणीसला अडकला. खाली दगड असेल, गाळ असेल. वर आलो. उस्ताद रजिस्टर घेऊन बसलेले. म्हणाले, किती? आता चार म्हणावं तर ते खोटं, एकोणीस म्हणावं तर विचारणार, नऊ इंचीला एकोणीस कसे, जा परत बघ. अंगावरचे कपडे तीन दिवस ओले होते, मॅडम. मी म्हटलं, सव्वीस.

इंजिनिअर : आठ.

चावीवाला : ते म्हणाले, शाबास. लिही आणि घरी जा.

इंजिनिअर : नऊ. ... दमलात. थांबू या?

चावीवाला : नाही. मोजा.

इंजिनिअर : दहा. त्यानंतर कधी शंका आली नाही?

चावीवाला : पहिली दोन-तीन वर्षं नाही. वसाहतीमुळे प्रेशर गेलं, हे सगळ्यांना पटलं होतं, मलाही पटलं. मग एक दिवस सळई घेऊन असाच इथून चाललो होतो. सहज कानाला लावली. तेव्हा झाकणावर एकच थर होता.

इंजिनिअर : अकरा. शीळ?

चावीवाला : बारीक. मनात आलं, अर्ज करू, रस्ता खणून बघू. ऑफिसच्या दारापर्यंत गेलो. मग वाटलं, या टेकडीवर सगळ्यात वर घर कुणाचं? माझं. लोक काय म्हणतील? चावीवाल्याने स्वतःच्या नळासाठी नवा रस्ता फोडला. परत फिरलो.

इंजिनिअर : बारा.

चावीवाला : स्वतःचंच कौतुक वाटलं होतं त्या दिवशी. हे पण लिहून ठेवा कुठेतरी.

इंजिनिअर : तेरा. मी आकडे लिहितेय फक्त.

चावीवाला : मोकळा व्हायला लागला. ऐकताय? शीळ उतरतेय.

इंजिनिअर : चौदा. पंधरा. सोळा. हळू, काका, तुम्हीच म्हणालात हळू.

चावीवाला : हो. हळू.

इंजिनिअर : सतरा. ... अठरा. ... एकोणीस.

चावीवाला : थांबला.

इंजिनिअर : सळई घ्या.

चावीवाला : तुम्ही लावा कानाला. मी सांगतो काय ऐकायचं ते.

इंजिनिअर : काहीच ऐकू येत नाही.

चावीवाला : तेच ऐकायचं होतं.

इंजिनिअर : हात द्या, वर या. बसा इथे कडेला. ... आता माझं ऐका. रिपोर्ट मला लिहायचाय. “झाकण डांबराखाली गेलेले आढळले. व्हॉल्व्ह अंशतः बंद. पूर्ण खोलला.” एवढंच. यात एक शब्द खोटा नाही.

चावीवाला : कारण?

इंजिनिअर : कारणाचा रकाना ऐच्छिक आहे.

चावीवाला : तुम्ही फार चांगल्या आहात.

इंजिनिअर : चांगलं-वाईट नाही. शनिवारी हॉलमध्ये दोनशे माणसं येणार, त्यातली अर्धी याच टेकडीची. तुम्ही तिघं-चौघंच जुने उरलात. तुमचे उस्ताद नाहीत आता. तो नकाशा काढणारा नाही. व्हॉल्व्ह उलटा आहे हे रजिस्टरमध्ये लिहायला हवं होतं, ते कुणी लिहिलं नाही. एका माणसाची चूक नाही ही.

चावीवाला : व्हॉल्व्ह उलटा ही माझी चूक नाही. सव्वीस ही माझी.

इंजिनिअर : बरं. मग काय करायचं म्हणता?

चावीवाला : मूळ रजिस्टर गाडीत आहे ना? आणा. त्या सव्वीसवर रेघ मारतो. शेजारी “एकोणीस, डावीकडे बंद” असं लिहितो, आणि आजची तारीख. खाली सही. पेन द्या. निळं नको, काळं द्या, टिकतं.

इंजिनिअर : आणि मानपत्रातलं ते वाक्य?

चावीवाला : काढा.

इंजिनिअर : तेवढंच एक चांगलं जमलं होतं मला.

चावीवाला : मलाही तेच आवडलं होतं.

इंजिनिअर : साहेब विचारतील, का काढलं.

चावीवाला : रजिस्टर दाखवा. ... हं, झाली सही. आता सगळ्यात वरच्या नळाला प्रेशर मोजावं लागेल ना तुम्हाला?

इंजिनिअर : लागेल. पण मी दुपारी येऊ शकते. आधी तुम्ही एकटे जा हवं तर.

चावीवाला : नको. चला बरोबर. एकटा गेलो तर पायऱ्यांवर बसून राहीन.

(एकशे चौदा पायऱ्या चढून दोघं वर येतात. दार उघडं आहे. मोरीतून फुसफुस आवाज येतोय.)

बायको : अहो, आलात का? बघा हो हे काय झालंय! मोरीतला नळ मघापासून खोकतोय. त्याच्या तोंडावरचं फडकं उडालं. मला वाटलं आत पाल गेली. ... आणि या कोण?

चावीवाला : ऑफिसच्या मॅडम. नळाला प्रेशर मोजायला आल्यात.

बायको : या, या, आत या. चप्पल राहू द्या, आमची फरशी काही इतकी लाडाची नाही. प्रेशर मोजायला? या नळाचं? अहो मॅडम, त्याला मी पिशवी अडकवते. तुम्ही चढून आलात त्यापेक्षा ती पिशवीच मोजली असती तर बरं.

इंजिनिअर : पाण्याआधी हवा बाहेर येतेय, काकू. थोडा वेळ असाच चालू ठेवा. पहिलं पाणी लाल येईल, ते वापरू नका.

बायको : पहिलं पाणी? म्हणजे दुसरं पण येणार आहे?

इंजिनिअर : येईल.

बायको : काय हो? खरं सांगताहेत या? ... अगं बाई! आलं. आलं की! चहासारखं आहे, पण आलं. अहो, बादली द्या, ती नको, मोठी द्या. ही कुठली मोठी, ही तर खाली न्यायची. मोठी माळ्यावर आहे, तीस वर्षं काढली नाही. शेजारच्या शिवणवालीला हाक मारा... ती कुठली आता. ती तर पाण्याला कंटाळून खोली सोडूनच गेली, दहा वर्षं झाली. सवयच जात नाही बघा मला तिला हाक मारायची.

चावीवाला : अगं, जरा बस.

बायको : बसू कशाला? पाणी चालू असताना कुणी बसतं का? काय केलंत तुम्ही? शनिवारी रिटायर होणार म्हणून साहेबांनी बक्षीस दिलं का?

चावीवाला : खालचा व्हॉल्व्ह सापडला. डांबराखाली गेलेला. तो बंद होता.

बायको : बंद?

चावीवाला : पूर्ण नाही. सात आट्यांची फट होती. उरलेला बंद.

बायको : कुणी केला होता बंद?

चावीवाला : मी.

बायको : तुम्ही?

चावीवाला : लाइन फुटली होती बघ, तेव्हा. तो व्हॉल्व्ह उलटा आहे, मला माहीत नव्हतं. मी उघडतोय समजून बंद केला. आकडा जुळला नाही ते कळलं होतं मला. उस्तादांना खोटा आकडा सांगितला. आत्ता रजिस्टरमध्ये तसं लिहून आलो.

बायको : मॅडम, हे खरं आहे?

इंजिनिअर : व्हॉल्व्हवर बाण उलटा आहे, काकू. कुणीही फसलं असतं.

बायको : कुणीही कशाला फसेल? मी यांना विचारलं होतं. धाकटीच्या वेळी, सातवा महिना होता मला, दोन कॅन घेऊन वर आले आणि त्या दारात बसले. म्हटलं, अहो, चावी तुमच्याच हातात आहे, जरा फिरवा की आपल्याकडे. आठवतं?

चावीवाला : आठवतं.

बायको : काय म्हणाला होतात?

चावीवाला : पूर्ण खोललाय. याहून जास्त फिरत नाही.

बायको : आणि मग?

चावीवाला : दोन दिवस बोललो नाही तुझ्याशी.

बायको : तीन दिवस. ... मला लाज वाटली होती हो. आपण हे मागायला नको होतं असं वाटलं. परत कधी तोंडातून काढलं नाही मी. रांगेत बायका हसायच्या, चावीवाल्याची बायको आली बादली घेऊन. मी ताठ उभी राहायचे. म्हटलं, हसा, माझा नवरा स्वच्छ आहे. हा हात बघा मॅडम. एवढाच वर जातो. याचीसुद्धा मला ऐट होती.

इंजिनिअर : मी बाहेर थांबू का?

बायको : थांबा इथेच. बाहेर ऊन आहे. आणि तुमचं प्रेशर राहिलंय ना मोजायचं?

इंजिनिअर : मोजलं. चांगलं आहे. नवीन पंपाची गरज नाही.

बायको : म्हणजे कशाचीच गरज नव्हती.

चावीवाला : शनिवारी सगळी टेकडी येणार आहे हॉलमध्ये. मी उठून सांगणार आहे.

बायको : काय सांगणार?

चावीवाला : हेच. आकड्यासकट.

बायको : हार घालण्याआधी सांगणार की नंतर?

चावीवाला : आधी.

बायको : आधी सांगा. नंतर सांगितलंत तर हार उतरवायचा कुणी, म्हणून पंचाईत. ... मी येणार आहे. पहिल्या रांगेत बसणार. ते हसले तर मी काही ताठ बसणार नाही या वेळी, आधीच सांगून ठेवते.

चावीवाला : नको बसूस.

बायको : शिवणवालीला निरोप धाडायला हवा. तिचा पत्ता आहे माझ्याकडे. तिला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार.

चावीवाला : सांगतो. उद्याच जातो.

बायको : पाणी स्वच्छ झालं बघा. तळ दिसतोय बादलीचा.

इंजिनिअर : निघते मी. काकू, काही दिवस नळ सुरू करताना हळू सोडा. जुना पाइप आहे.

बायको : चहा घेऊन जा. घरच्या पाण्याचा. ... एकतीस वर्षांनी पहिल्यांदा कुणाला असं म्हणतेय मी, नाही म्हणू नका. अहो, उभे काय राहिलात? बादली वाहतेय.

चावीवाला : बंद करू नळ?

बायको : करा. आणि किती फिरवलात ते खरं सांगा.

चावीवाला : पावणेदोन.